ट्यूब बरोबर आणा

पालघर स्टेशनाच्या पश्चिमेला सातपाटीकडे जाणारी शेअर रिक्षा धरली की वाटेत शिरगाव लागतं. नारळीच्या वाड्या, भाजीचे मळे, मग किनारा आणि किनाऱ्यालगतचा दगडी किल्ला. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, हा किल्ला मराठ्यांकडे आला. सुट्टीला आलेली मंडळी किल्ला आणि समुद्र बघून परततात. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शरीर आणि श्रम’ हा विषय दिला, म्हणून मी इथे माणसांचे हात बघायला आले.

हात बघायला ही पट्टी फार बोलकी आहे. शिरगावच्या उत्तरेला लागूनच सातपाटी, पापलेटसाठी नावाजलेलं बंदर. तिथे बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास मासळी निवडणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या असतात. नखाच्या कडेला नखुरडं झालेलं असतं. कोळंबी सोलताना तिचे काटे टोचतात आणि त्या बारीक जखमांत मीठ जातं. वाडीत पाणी लावणाऱ्यांच्या पायांना पावसाळाभर चिखल्या असतात आणि थंडी सुरू झाली की टाचांना भेगा. उत्तरेकडे बोईसरला गेलं की हात बदलतात. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, रसायनं, औषधं आणि कापड यांचे शेकडो कारखाने आहेत. पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांत एखाद्याच्या नखांत निळा रंग रुतलेला, दुसऱ्याच्या तळहाताची कातडी जाड होऊन चिरलेली. पूर्वेला डोंगराकडे विक्रमगड, जव्हार, मोखाडा. तिथल्या वारली, कातकरी, कोकणा कुटुंबांतली माणसं भातकापणी झाली की वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. सिमेंट कालवणाऱ्या हातांचं दुखणं आणखी निराळं.

हे सगळे हात शेवटी एकाच प्रकारच्या, त्वचेच्या दवाखान्यात येतात. त्या दवाखान्याच्या पाटीवर मात्र बहुतेक वेळा एका तुकतुकीत गोऱ्या चेहऱ्याचं चित्र असतं.

तीन विषयांची एक पदवी

त्वचारोगतज्ज्ञ व्हायला साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, त्यानंतर प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचं एमडी लागतं. या एमडीच्या पूर्ण नावात तीन विषय येतात: त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. हे तिन्ही एकत्र का आले, त्याचं उत्तर मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात सापडतं. बंदर, गिरण्या, एकट्याने राहणारे मजूर आणि गर्दी असलेल्या शहरात कातडीच्या डॉक्टरकडे येणारं दुखणं बरेचदा गुप्तरोगाचं असे. या विषयाचं देशातलं पहिलं नियतकालिक डॉ. यू. बी. नारायण राव यांनी १९३५ साली मुंबईत काढलं, तेही गुप्तरोगांच्या नावाने. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्याच्याही आधीचं, १८९० सालचं. सिफिलिसचा चट्टा, कुष्ठरोगाचा चट्टा आणि साधा नायटा ज्याला वेगळे ओळखता येतात तो या विषयाचा डॉक्टर, अशी ही परंपरा आहे.

गेल्या काही वर्षांत पदव्युत्तर प्रवेशात त्वचारोग हा विषय वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी घेतात. रात्रपाळी कमी, तातडीचे प्रसंग कमी, आणि लेझर, पील, केसांचे उपचार यांतून उत्पन्न चांगलं. हे डॉक्टर शहरात एकवटले यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. कर्ज काढून घेतलेलं यंत्र जिथे चालेल तिथेच दवाखाना निघतो. फार तर मुंबईचा एखादा डॉक्टर आठवड्यातून ठरल्या दिवशी पालघर किंवा बोईसरला येऊन बसतो. दुखणं हाताबाहेर गेलं तर २०१३ पासून थेट डहाणूपर्यंत धावणारी लोकल आहे. पहाटेची लोकल पकडून मुंबई सेंट्रलला उतरायचं, नायर रुग्णालयात केसपेपर काढायचा, रांग लावायची आणि रात्री घरी परतायचं. एका दिवसाची मजुरी त्यात जाते, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी बोलावलेलं असतं.

या विषयाला तातडी नसते ही समजूत मात्र खोटी आहे. फिटच्या, गाउटच्या किंवा साध्या सल्फाच्या गोळीनेही एखाद्याच्या अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटून येते. तोंड सोलवटतं, डोळे चिकटतात. तेव्हा तासातासाचा प्रश्न असतो आणि पहिला उपाय म्हणजे ती गोळी ओळखून बंद करणं. नागीण अंगावर उठली की तिचं तोंड नि शेपूट जुळलं तर माणूस दगावतो या भीतीने लोक आधी उतारा करायला जातात. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. उताऱ्यात नेमके तेच तीन दिवस जातात.

मेडिकलवाल्याची ट्यूब

या पट्टीतल्या त्वचेच्या दवाखान्यात नाव-वय झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “आधी काय लावलं? ट्यूब आणलीत का, मावशी?” मावशी पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढतात. आत मुडपून मुडपून संपवलेल्या दोन-तीन ट्यूबा असतात. एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक शेजारणीची, एक मुलाने बोईसरहून आणलेली. तपासणी खरी तर इथेच सुरू होते.

दुखणं बहुतेक वेळा गजकर्ण असतं. जांघेत, कमरेवर, काखेत, स्तनांखाली गोल चट्टा आणि रात्रीची झोप उडवणारी खाज. ही बुरशी आहे. घाम, दमट हवा आणि घट्ट कपडे तिला मानवतात, आणि किनाऱ्यावर हे तिन्ही बारा महिने मिळतात. दुकानातून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतंच. त्याच्या जोडीला एखादं जंतुनाशक असतं आणि क्लोबेटासोलसारखं अतिशय जहाल स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो, मेडिकलवाल्याचं नाव होतं. पण ज्या प्रतिकाराने शरीर बुरशीला अडवतं तोच त्या जागी स्टेरॉइडने दबलेला असतो. बुरशी आतून पसरत राहते. ट्यूब थांबवली की आग पेटल्यासारखी खाज येते, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होते आणि तिथे रुंद लालसर वळ पडतात. हे वळ पुढे पांढुरके होतात, पण जात नाहीत. गजकर्णाची ओळख म्हणजे त्याची उठावदार गोल कडा. ती पुसली गेल्यावर जाणत्या डॉक्टरलाही दुखणं चटकन ओळखता येत नाही.

अशा वेळी डॉक्टर चट्ट्याच्या कडेची खपली बोथट पात्याने खरवडतो, काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. कातडीच्या पेशी विरघळलेल्या असतात, बुरशीचे फाटे फुटलेले तंतू तेवढे दिसतात. स्वस्तातली, जुनी आणि खात्रीची ही तपासणी आहे. ज्या दवाखान्यात लेझर आहे पण हा सूक्ष्मदर्शक धूळ खात पडलाय, तिथे आपलं गजकर्ण दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न पालघरपुरता नाही. भारतात पसरलेल्या बुरशीच्या एका जातीला २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी वेगळं नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच हिंदुस्थान आहे. या जातीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याचं अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केलं. एवढी चिवट बुरशी इथे फोफावली त्यात या मिश्रणांच्या ट्यूबांचा वाटा आहे, असं देशातले त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. त्यांच्या संघटनेच्या रेट्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं अनुसूची ‘एच’मध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर पलीकडून विचारलं जातं, “दाद का मलम है?” आणि अलीकडून ट्यूब पुढे येते. अनुसूची त्या दोघांच्या मधे कुठेच नसते.

पण मेडिकलवाल्याला एकट्याला धरून चालणार नाही. डॉक्टरची फी, आठवडेच्या आठवडे घ्यायच्या गोळ्या आणि बुडालेली पाळी यांची बेरीज एका बाजूला, आणि दोन दिवसांत आराम देणारी ट्यूब दुसऱ्या बाजूला. बोईसरच्या चाळीत एका खोलीत सहा-सात जण राहतात. टॉवेल दोन, दोरी एक. जुलैत तिच्यावर काहीच वाळत नाही. अशा माणसाला ‘सैल सुती कपडे घाला, जागा कोरडी ठेवा, टॉवेल वेगळा वापरा’ असं सांगणारा डॉक्टर बरोबरच सांगत असतो. तरीही त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागतो की खोलीत आणखी कोणाला खाज आहे. एकाला औषध देऊन उपयोग नसतो. खरजेचंही तेच. परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनीही, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. आश्रमशाळेच्या वसतिगृहात हे पाळायचं तर अधीक्षक, स्वयंपाकीण आणि सगळी मुलं यांची एकच रात्र ठरवावी लागते; अंथरुणं नि कपडे त्याच दिवशी गरम पाण्यातून काढून उन्हात टाकावे लागतात. एका मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन खरूज जात नाही.

“सुट्टीत बरं वाटतं का?”

कारखान्यातल्या हाताला मात्र वेगळा प्रश्न विचारावा लागतो: काम नेमकं काय? ‘कंपनीत आहे’ एवढ्याने भागत नाही. पिंप उघडतोस, पावडर ओततोस, गाळणी धुतोस, की नुसता पॅकिंगला आहेस? हातमोजे कसले? आणि सर्वांत कामाचा प्रश्न: “छठला गावी गेलास तेव्हा हात कसे होते?” बिहारमधून आलेला मुलगा सांगतो की गावी दहा दिवसांत हात साफ झाले होते, परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा चिरले. अर्धं निदान इथेच झालेलं असतं.

हाताचं इसब दोन वाटांनी येतं. पहिली वाट सरळ जाळण्याची: आम्ल, अल्कली, द्रावक किंवा नुसतं पाणी आणि साबण सतत लागून कातडीचा वरचा थर झिजतो. हे कोणालाही होऊ शकतं. सातपाटीच्या बर्फातले हात याच वाटेने जातात. दुसरी वाट ॲलर्जीची. एखादा पदार्थ वर्षानुवर्षं सोसतो आणि एक दिवस शरीर त्याला शत्रू ठरवतं. मग त्याचा अंशही चालत नाही. सिमेंटमधलं क्रोमेट, काळ्या केसरंगातलं पीपीडी, रबरी हातमोज्यांतली रसायनं ही त्याची नेहमीची कारणं. म्हणजे संरक्षणासाठी दिलेला हातमोजाच कधीकधी दुखण्याचं मूळ निघतो. तो आतून ओला झाला किंवा द्रावक आत शिरलं तर मोजा नसलेला परवडला. पाळी संपल्यावर रंग निघावा म्हणून थिनरने किंवा रॉकेलने हात धुण्याची सवय तर दिवसभराच्या कामापेक्षा जास्त इजा करते, आणि ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ॲलर्जी कशाची हे शोधायला पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके चकत्यांत भरून पाठीवर चिकटवायचे, दोन दिवसांनी काढून बघायचे, मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा. तेवढे दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. पावसाळ्यातल्या बोईसरमध्ये पाळीवर उभं राहणाऱ्या माणसाला हे जमवणं अवघड असतं. पट्ट्या घामाने सुटतात. म्हणून ही तपासणी थंडीत ठेवलेली बरी पडते. सुट्टी मिळाली तर.

आणि कारण सापडलं, तरी पुढे काय? डॉक्टर म्हणतो, या पदार्थापासून लांब राहा. तो पदार्थ म्हणजेच त्याची नोकरी असते. कामगारांच्या सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या कायद्यात, कळवायच्या आजारांच्या यादीत, क्रोमने पडणारे व्रण आणि रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह यांची नोंद आहे. असा रुग्ण आढळला तर तपासणाऱ्या डॉक्टरनेही कारखाना निरीक्षणालयाला कळवायचं, असं तोच कायदा सांगतो. कामगार विम्याच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. या तरतुदी कामगाराला माहीत नसतात, आणि कंत्राटी कामगाराला माहीत असल्या तरी तो बोलत नाही, कारण कळवल्यावर पहिल्यांदा त्याचं नाव हजेरीपटावरून जातं. चिठ्ठीवर ‘हाताचं इसब’ लिहायचं की ‘कामामुळे झालेलं इसब’ लिहायचं, हा एका शब्दाचा फरक डॉक्टरच्या हातात असतो. तो शब्द लिहिला जायला हवा. कामगाराला आज कागद वापरायचा नसेल तर तो त्याच्यापाशी राहील, पण उद्या भरपाई मागायची वेळ आली तर आज लिहिलेलाच शब्द कामी येतो.

या रसायनांचं पाणी शेवटी खाडीत आणि समुद्रात जातं. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांवर भरपाई बसवली. मासेमारी करणाऱ्या समाजाने कारखान्यांना कोर्टात खेचलं, हे या किनाऱ्याच्या हक्कांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

रंगाचं दुःख

दवाखान्यात बाकावर सर्वाधिक गर्दी मात्र चेहऱ्यासाठीच असते. वांग, पिंपल्स, काळे डाग. या गर्दीकडे चैन म्हणून बघणं मला पटत नाही. उन्हात मासळी विकणाऱ्या बाईच्या गालावर वांग येतो आणि घरात, बाजारात, मुलीच्या लग्नात लोक त्यावर बोलतात. तिला होणारा त्रास खरा आहे. वांग ऊन, गरोदरपण, संप्रेरकं आणि पिढीजात कल यांनी येतो आणि पूर्णपणे क्वचितच जातो. टोपी, पदर, जाड थराने लावलेलं सनस्क्रीन आणि धीर, एवढंच प्रामाणिक उत्तर आहे. ते विकलं जात नाही. विकलं जातं ते आठवड्यात उजळवणारं क्रीम, आणि त्यात पुन्हा स्टेरॉइड किंवा पारा असतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर कारण त्या वापरत असलेल्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचलं. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही म्हणून कातडी उजळते. तोच कातडीतून रक्तात जातो.

कोडाचं दुःख याहून खोल. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोग नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रंगपेशी मारते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, ‘श्वेता’ ही संस्था उभी केली. त्या कामातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ साली आला. संस्थेने वधूवर मेळावेही घेतले, कारण लग्न हाच लोकांचा पहिला प्रश्न होता. उपचार आहेत. विशिष्ट लहरींच्या अतिनील प्रकाशाखाली आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने उभं राहावं लागतं. शिरगावच्या मुलीने त्यासाठी आठवड्यातून तीनदा रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करायची. यंत्र पालघरात असेल तर उपचार पुरा होतो, मुंबईत असेल तर तिसऱ्या आठवड्यात सुटतो. चेहऱ्याच्या उपचारांतून डॉक्टरने पैसे मिळवावेत आणि त्यातून हे यंत्र इथे आणावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

न दुखणारा चट्टा

पदवीतला तिसरा विषय, कुष्ठरोग, पाटीवर कोणीच लिहीत नाही. डिसेंबर २००५ अखेर भारताने जाहीर केलं की दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरले, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग संपला. लोकांनी यातलं ‘संपला’ एवढंच ऐकलं. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात, आणि पालघरसारख्या आदिवासी जिल्ह्यात आशा ताई घरोघर जाऊन चट्टे शोधतात.

शोधायला जावं लागतं, कारण हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. फिकट किंवा लालसर डाग, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतो, कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनने हलकेच टेकवतो आणि कुठे टेकवलं ते बोटाने दाखवायला सांगतो. मग कोपराच्या मागची नस चाचपतो. ती दोरीसारखी जाड लागली तर शंका पक्की होते. जंतू फार सावकाश वाढतो, दोन आठवड्यांच्या आसपास एकदा दुभंगतो. लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं जातात. उपचार सहा महिने ते वर्षभराचे, सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच संपते. मुंबईत डॉ. आर. गणपती यांनी १९७६ साली बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट सुरू केला आणि कुष्ठरोग्याला वसाहतीत न धाडता धारावीतल्या त्याच्या घरीच औषध देता येतं हे दाखवलं. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढायला मात्र कायद्याला २०१९ साल उजाडलं.

गोळ्यांतलीही एक अडचण आहे. क्लोफाझिमिनने कातडी काळसर तांबडी होते. ज्या समाजात रंगावरून मुलगी पसंत-नापसंत होते तिथे तरुण मुलगी हीच गोळी लपवून टाकून देते. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, हे तिला पहिल्याच दिवशी, आईच्या समोर, नीट समजावून सांगावं लागतं. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, तेही आधीच सांगावं लागतं. चार वाक्यांचं काम आहे, पण ती वाक्यं राहून गेली की उपचार अर्धवट सुटतो आणि काही वर्षांनी बोटं वाकडी झालेली दिसतात.

आणि या चट्ट्यावरही ट्यूब लागलेली असते. नायटा समजून वर्षभर लावलेली. स्टेरॉइडने लाली दबते आणि रोगाचं रूप बदलतं. तेवढ्यात नस मरत राहते. म्हणून इथे कमरेचं गजकर्ण दाखवायला आलेल्या माणसालाही चांगल्या उजेडात शर्ट काढून उभं केलं जातं, पाठ बघितली जाते, कानाच्या पाळ्या बघितल्या जातात, आणि मुलाची खरूज घेऊन आलेल्या बापाची कोपरंही चाचपली जातात. त्याने स्वतःसाठी केसपेपर काढलेला नसतो. तपासणी मात्र होते, आणि चट्टा सापडला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून घरातल्या बाकीच्यांना बोलावणं धाडलं जातं.